किरणोपचाराचा डॉक्टर का व्हावे?

मुलगी एम.बी.बी.एस. झाली की घरात पुढची बोलणी सुरू होतात. मामा म्हणतो सर्जन हो, आत्या म्हणते बाळंतपणाची डॉक्टरीण हो. वस्तीच्या नाक्यावर मुलीच्या नावाची पाटी लागावी, हे स्वप्न आईबापांनी किती वर्षे उराशी जपलेले असते! अशा वेळी ती 'मी रेडिएशन ऑन्कॉलॉजी घेते' म्हणाली, तर घर गप्प होते. म्हणून आज या शाखेविषयी लिहीत आहोत.

ही कर्करोगावर किरणांनी उपचार करण्याची शाखा. आपल्या बायाबापड्या त्याला 'शेक देणे' किंवा 'लाईट देणे' म्हणतात. एक्स-रे पाहून निदान करणारा डॉक्टर वेगळा. कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतोच. तंबाखूने होणारा तोंडाचा-घशाचा आणि बायकांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग, या दोन्हींत त्याचा मोठा वाटा आहे.

मग विद्यार्थी ही शाखा का निवडतात? पहिले कारण रुग्णाचा सहवास. उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. एवढ्या दिवसांत डॉक्टरला रुग्णाचे घरदारही कळते. दुसरे, इथे वैद्यकाला पदार्थविज्ञानाची जोड आहे. गाठीवर किरण किती पडावेत, मणक्यातील मज्जारज्जू आणि लाळग्रंथी कशा वाचवाव्यात, याचे गणित भौतिकतज्ज्ञाबरोबर बसून मांडावे लागते. तिसरे, रात्री-अपरात्रीची धावपळ इतर शाखांपेक्षा कमी. आणि चौथे, हाताला यश आहे. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर किरणांनी तो बरा होऊन आवाजही राहू शकतो. रोग हाडांत पसरलेला असेल, तर एकाच वेळच्या किरणांनीही अनेकांच्या वेदना कमी होतात.

'किरणांत काम करून मुलीला मूलबाळ होईल का?' ही शंका आया हमखास काढतात. यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत असते. किरण सुरू असताना आत फक्त रुग्ण असतो. कर्मचाऱ्यांच्या अंगावर किरण मोजणारा बिल्ला असतो. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या सर्वांवर देखरेख ठेवते. बाहेरून यंत्राने किरण घेतलेला रुग्णही घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घेऊ शकतो.

अडचण आहे ती वेगळीच. यंत्राची किंमत कोटींच्या घरात, त्यामुळे स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. नोकरी इस्पितळातच करावी लागते, तीही बहुधा मोठ्या शहरात. पण दवाखान्यासाठी कर्ज काढून घर गहाण टाकण्याची पाळीही येत नाही. एम.डी.च्या तीन वर्षांत सरकारी महाविद्यालयात दरमहा विद्यावेतन मिळते.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आजही दूरदूरच्या गावांचे रुग्ण किरणोपचारासाठी त्या परिसरात फुटपाथवर आठवडेच्या आठवडे काढतात. जिल्ह्यात उपचार मिळाले तर त्यांची ही परवड थांबेल. मात्र नुसते यंत्र आणून भागत नाही, ते चालवायला डॉक्टर लागतो.

तेव्हा मुलांनी शाखा निवडण्याआधी दोन दिवस अशा विभागात जाऊन उभे राहावे, काम डोळ्यांनी पाहावे. आणि पालकांनो, पाटी नाक्यावर नाही लागली तरी चालेल. मुलीने विचार करून ही वाट धरली असेल, तर तिला अडवू नका.