वाचणाऱ्याची न लिहिलेली वर्षे

बी. ए. भाग-३ च्या वर्गात खांडेकर शिकवताना मी फळ्यावर त्यांच्या कादंबऱ्यांची सनावळी लिहून दिली. १९३० सालची ‘हृदयाची हाक’, मग ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, आणि शेवटी १९४२ चा ‘क्रौंचवध’. त्याखाली १९५४ ची ‘अश्रू’ लिहिली, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, मधली बारा वर्षं खांडेकर काय करत होते?” मी काहीतरी उत्तर दिले. त्यावर तिच्या शेजारणीने हळूच पुस्ती जोडली, “आणि सर, तुमचं पुस्तक येऊन किती वर्षं झाली?” वर्ग हसला, मीही हसलो. पण दोन्ही प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आले.

वाङ्मयेतिहास आपण प्रकाशनवर्षांच्या आधारे शिकवतो. दोन सनांच्या मधले अंतर आपल्या दृष्टीने रिकामे असते. फार तर ‘लेखनात खंड पडला’ असे म्हणून आपण पुढे जातो. ज्या माणसाचे लेखन ग्रंथप्रेमातून उगवलेले असते, त्याच्या बाबतीत ही पद्धत अन्याय करते, असे माझे मत आहे. अशा लेखकाच्या आयुष्यातील न लिहिलेली वर्षे ही त्याच्या लेखनाचाच भाग असतात. अर्थात सगळीच नव्हे. त्यातली कोणती, हे पाहणे महत्त्वाचे.

प्रथम खांडेकरांकडे येतो. शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला हा तरुण १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत मास्तर झाला आणि अठरा वर्षे तिथेच राहिला. गडकरी, आगरकर, केशवसुत यांच्यावर त्यांनी लिहिले ते प्रथम वाचक म्हणून. बारा वर्षांत डझनाच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक १९४२ नंतर त्या वाटेवर थांबला. लेखणी पूर्ण थांबली नव्हती. कथा, रूपककथा, लघुनिबंध, दुसऱ्यांच्या पुस्तकांना प्रस्तावना असे बरेच काही होत होते. मात्र ज्या प्रकाराने त्यांना घरोघरी पोहोचवले, तोच बंद होता. ‘अश्रू’नंतर पाच वर्षांनी, १९५९ मध्ये ‘ययाति’ आली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चा ज्ञानपीठ या दोहोंशी आज आपण तिचे नाव जोडतो. महाभारतातील एका उपाख्यानाकडे पुन्हा पुन्हा परतणारा वाचक त्या कादंबरीच्या मागे उभा आहे. ‘उल्का’च्या वेगाने लिहीत राहिलेल्या खांडेकरांच्या हातून ‘ययाति’ उतरली असती, असे मला वाटत नाही.

ग्रंथप्रेमी माणसाची अडचण ही की, त्याला लिहायला लावणारी गोष्ट आणि त्याचा हात धरून ठेवणारी गोष्ट एकच असते. पहिले पुस्तक तो अज्ञानाच्या बळावर लिहितो. त्यानंतरही वाचन चालूच राहते, आणि वाचनाबरोबर मोजमापाची पट्टी लांबत जाते. लेखनाची उंची त्या गतीने वाढत नाही. मग एक दिवस असा येतो की, लिहिलेले प्रत्येक वाक्य आधी कुणीतरी अधिक चांगले लिहून ठेवले आहे असे वाटू लागते.

स्वतःचेच सांगतो. २००९ मध्ये मी पदरचे पैसे घालून समीक्षालेखांचे एक पुस्तक काढले. पाचशे प्रती छापल्या. दोनशेच्या आसपास वाटल्या, थोड्या विकल्या आणि उरलेले गठ्ठे कोल्हापुरात नातेवाइकांच्या तळघरात ठेवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, त्यात ते गेले. पूर ओसरल्यावर मी पाहायला गेलो. पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती. पान वेगळे करू गेले की लगदा हातात येई. वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले, कारण मधल्या दहा वर्षांत मी जे वाचले होते, त्याने त्या पुस्तकातील निम्मे लेख माझ्यापुरते आधीच बुडवले होते. घरी येऊन मात्र मला माझीच भीती वाटली. स्वतःचे पुस्तक बुडाल्याचा आनंद होणे हे वाचकाच्या प्रगल्भतेचे लक्षण मानायचे की लेखक संपल्याचे?

या प्रश्नाशी झगडताना मला सतीश काळसेकरांचा आधार वाटला. ‘इंद्रियोपनिषद्’ १९७१ चे, ‘साक्षात’ १९८२ चे, ‘विलंबित’ १९९७ चे. सव्वीस वर्षांच्या अवधीत तीन कवितासंग्रह, तेही लघुनियतकालिकांच्या धामधुमीत वावरलेल्या कवीचे. प्रकाशनवर्षे मोजणाऱ्याला हा आळस वाटेल. पण २०१० मध्ये ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ आली आणि या वर्षांमध्ये काय साठत होते ते दिसले. पुस्तके कशी भेटली, कुणी दिली, कोणत्या दुकानात सापडली, एका पुस्तकाने दुसऱ्याकडे कसे नेले, याच्या या नोंदी. पांडित्याचा आव नसलेल्या त्या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचत बसणे हेही लेखकाचे काम असू शकते, याला मराठीत मिळालेली ही मान्यता मला मोलाची वाटते.

आमच्या व्यवसायाने नेमकी उलटी दिशा धरली. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने प्राध्यापकाच्या लेखनाला गुण लावले. पुढे निकष बदलले, मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती यादीही गेली. पण अंगवळणी पडलेली सवय यादीबरोबर गेली नाही. स्थाननिश्चितीची तारीख जवळ आली की लेख लिहायचा, ही ती सवय. या मधल्या काळात मीही असे लेख लिहिले. माझ्या सेवेच्या कागदपत्रांत ते आहेत, पण त्यातला एकही पुन्हा वाचावासा मला वाटत नाही. म्हणजे कागदोपत्री माझी ती वर्षे भरलेली आहेत आणि प्रत्यक्षात रिकामी. ज्या वर्षी मी एकही ओळ छापली नाही आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ तिसऱ्यांदा वाचून वहीत चाळीस पाने टिपणे केली, ते वर्ष कागदावर कोरे आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच वहीत आहे.

यावर कोणीही म्हणेल की, ही आळशी माणसाची सोयीस्कर पळवाट झाली. आक्षेप रास्त आहे. ‘सध्या वाचतोय’ या दोन शब्दांखाली किती न लिहिणारे सुखाने झोपले आहेत, हे मी माझ्यावरून जाणतो. म्हणून एक कसोटी सुचवतो. वाचनाने मागे काही ठेवले का? एखादे टिपण, पत्र, वर्गात नव्याने मांडलेला मुद्दा, दुसऱ्याच्या हस्तलिखितावर मनापासून दिलेला अभिप्राय? खांडेकरांच्या त्या बारा वर्षांनी प्रस्तावना आणि रूपककथा ठेवल्या, काळसेकरांच्या वर्षांनी रोजनिशी. ज्या वाचनाचा कुठेच माग उरत नाही, ते सुखाचे असेल, पण त्याला लेखनाच्या खात्यावर जमा करू नये.

आम्हा राधानगरीकरांना हे समजायला खरे तर पुस्तकांची गरज नसावी. इथल्या धरणाचे काम राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा भिंत ठरल्या उंचीला पोहोचलेली नव्हती. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडले. मधली तीसेक वर्षे वाया गेली असे इथला कोणी म्हणत नाही, कारण अपुऱ्या भिंतीमागेही पाणी साठत होते आणि खालच्या शेतांना मिळत होते. धरणाचे स्वयंचलित दरवाजे आजही पाणी पातळीला आले की आपोआप उघडतात. लेखनाचे सगळे असेच होते असे मी म्हणणार नाही. आपल्या दरवाजाला हात लावावाच लागतो. पण मागे पाणी नसताना उघडलेल्या दरवाजातून काय वाहणार?

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी गेली. जन्मभर वाचलेल्या माणसाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, सांगून लिहवून घ्यावे लागले. तरीही ते थांबले नाहीत. त्यांची ती वर्षे आठवली की, धड डोळे असून ‘वेळ मिळत नाही’ म्हणणाऱ्या माझी मला लाज वाटते.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. फळ्यावर १९४२ आणि १९५४ यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवली आणि वर्गाला सांगितले की, या जागेत काय लिहायचे ते ग्रंथालयात शोधून आणा. चौघींनी आणले. तिच्या शेजारणीच्या प्रश्नाचे उत्तर देणे अजून बाकी आहे. ‘झोंबी’ची ती वही मी टेबलावर काढून ठेवली आहे. पावसाळ्यात तिच्या कडांना बुरशी धरते, म्हणून या सुट्टीत ती आधी उन्हाला लावीन आणि मग पहिल्या पानापासून लिहून काढीन. पुस्तक होईल की नाही, सांगता येत नाही. पण त्या वर्षाचा हिशेब तरी लागेल.