कापसाच्या धड्यात गुलामांचा इतिहास हवा



काळी जमीन, बोंड, सरकी, जिनिंग हे शब्द यवतमाळ जिल्ह्यातली मुलं पुस्तकाआधी घरीच शिकतात. पण हे पीक वऱ्हाडाच्या गळ्यात एवढं घट्ट कसं पडलं, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या इतिहासात आहे. हा आपल्याच इतिहासाचा सुटलेला भाग असल्याने तो कापूसपट्ट्यातल्या शाळांत शिकवला गेला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

1793 मध्ये एली व्हिटनीच्या यंत्राने सरकी वेगळी करणं सोपं झालं. त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस पसरला आणि त्याच्यासोबत गुलामगिरीही. 1860 मध्ये तिथे जवळपास 40 लाख माणसं गुलाम होती. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस त्यांच्याच प्रदेशातून येई. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि गिरण्या उपाशी पडल्या. 1853 पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडाचं महत्त्व तेव्हा एकदम वाढलं. भाव चढले, कुरणं आणि जंगलं मोडून कपाशी पेरली गेली. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. सारा आणि सावकाराचं देणं मात्र मागे राहिलं. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे आली तीही कापूस वाहून नेण्यासाठीच. मिसिसिपीतली वेचणी आणि दारव्हा-वणीकडची वेचणी अशी एकाच बाजाराला बांधली गेली. कापसाचा भाव आपल्या हातात का नसतो, हा प्रश्न ज्या घरात दर हंगामात निघतो, तिथल्या मुलाला हे समजायला नको का?

या इतिहासात नुसतं दुःख नाही. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शेतीशास्त्र शिकवायला गेला. कपाशीवर कपाशी घेऊन तिथली जमीन निःसत्त्व झाली होती. चवळी, भुईमूग घ्या, पीक फिरवा, असं तो गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत राहिला. शेतकरी संस्थेत येऊ शकत नाही, म्हणून 1906 मध्ये अवजारं आणि बियाण्यांनी भरलेली फिरती शाळाच गाडीवर बांधून गावोगाव पाठवली गेली. कपाशीत तुरीचं तास धरणाऱ्या आणि गुलाबी बोंडअळीने पोळलेल्या आपल्या जिल्ह्याला याहून जवळचा धडा कोणता? द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी विज्ञानाच्या तासाला शिकवतानाच हा माणूस मुलांना भेटवता येईल. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ मराठीत 1981 पासून आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की आधी आपल्या गोंड-कोलामांचा इतिहास शिकवा, मग अमेरिकेचा. आक्षेपातली कळकळ मला पूर्ण मान्य आहे. पण कपाशीसाठी जंगलं मोडली तेव्हा त्यांवर जगणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्न याच धड्यात आपसूक येतो. या दोन इतिहासांना वेगळं काढलं तर दोन्ही अर्धवट राहतील. मलिक अंबरचंही तसंच. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं. कृष्णवर्णीयांचा वारसा महाराष्ट्राला परका कधीच नव्हता.

दुसरी भीती अशी, की अशा इतिहासाने मुलांच्या मनात कडवटपणा येईल. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. अन्यायाची पूर्ण ओळख करून देतानाच त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांचे ऋण मानता येते, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. मुलांपासून अन्याय लपवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

राहिला अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा मुद्दा. नवा विषय, नवी परीक्षा यांपैकी काहीच नको. सातवी-आठवीला इतिहास, भूगोल आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून तीन-चार तास द्यावेत, तेही दिवाळीनंतर, वेचणी भरात असताना. जिल्हा परिषदेने शिक्षकांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका काढावी, प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात कार्व्हरचं चरित्र ठेवावं आणि येत्या हंगामापासूनच सुरुवात करावी.

– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)