आईची रंगीत चांदणी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून दोन महिने झाले होते. वसुबारसेच्या रात्री, दहिवलीच्या आमच्या अंगणात, ती विझत्या पणत्यांत तेल घालीत होती. एकाएकी थांबून म्हणाली, "अरे, त्या डोंगरावरची चांदणी लाल-हिरवी का रे दिसते?"

मी वर न बघताच म्हणालो, "डोळ्याचं असेल. दिवाळी झाली की डॉक्टरांना दाखवू."

ती काही बोलली नाही. पण पुढे रात्रीची ती अंगणात आलीच नाही. पुन्हा ऑपरेशन होणार या धास्तीने तिचे फराळावरही मन नव्हते. मला चैन पडेना. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊला मीच अंगणात उभा राहिलो. ईशान्येला, भीमाशंकरच्या रांगेवर, एक ठळक तारा होता. क्षणात तांबडा, क्षणात हिरवा, क्षणात निळा! आणि माझे डोळे तर धड होते.

वर्गात कवितेतले तारे वर्षानुवर्षे शिकवणारा मी. शेवटी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना फोन केला. ते हसून म्हणाले, "तो ब्रह्महृदय. दिवाळीत संध्याकाळनंतर उगवतो."

मग त्यांनी समजावले ते असे. पाण्यात धरलेली काठी वाकडी दिसते, तसा ताऱ्याचा किरण हवेत वाकतो आणि तारा खऱ्या जागेहून वर दिसतो. डोक्यावर हा फरक शून्य. क्षितिजापासून ४५ अंशांवर तो सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. पण क्षितिजाशी तो ३४ कलांपर्यंत जातो. सूर्याचे बिंब ३२ कलांचे. म्हणजे समुद्रावर टेकलेल्या सूर्याला आपण हात जोडतो, तेव्हा तो खरे तर बुडालेला असतो!

त्यातही निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वाकतो. हवेचे ऊन-गार झोत सतत हलत असतात. त्यामुळे खालच्या ताऱ्याचे रंग सुटे होऊन आळीपाळीने डोळ्यांत येतात. ग्रह मात्र सहसा असे लुकलुकत नाहीत. तारा म्हणजे नुसता ठिपका, ग्रहाला इवलेसे का होईना बिंब असते. त्याच्या एका भागाचा कंप दुसऱ्याने भरून निघतो.

मी आईला हात धरून बाहेर आणले. "आई, तुझा डोळा उत्तम आहे. वाऱ्याने पणतीची ज्योत हलावी, तशी हवेने ही चांदणी हलते."

तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "त्या दिवशी एकदा वर बघितलं असतंस तर?"

मला उत्तर सुचले नाही. साडेबाराला तिनेच मला उठवले. ब्रह्महृदय बराच वर चढला होता. रंग मावळले होते, थरथरही निवाली होती.

"बघ, आता कशी शहाण्यासारखी उभी आहे," ती म्हणाली, आणि फराळाचा डबा उघडून तिने पहिली करंजी माझ्या हातावर ठेवली, दुसरी स्वतः घेतली.