मुराळी कुठे गेला?

"लेकीचं बाळंतपण तिकडे परदेशात जाऊन केलंत? माहेरी का नाही आणलंत तिला?" हा प्रश्न मला शहापुरात, टिळकवाडीत, लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात आणि एकदा तर चक्क भाजी निवडताना विचारला गेला आहे. विचारणारीच्या सुरात चौकशी कमी आणि ठपका जास्त. जणू मी पोटच्या पोरीचे माहेरपण बुडवले! २०१८ ची दिवाळी उरकून मी अमेरिकेत डॅलसला गेले, दुसऱ्या नातवंडाचे सगळे हाताने केले आणि एप्रिल २०१९ मध्ये परत आले. या गोष्टीला इतकी वर्षे लोटली, पण प्रश्न काही शिळा होत नाही. तेव्हा उत्तर एकदाच जाहीरपणे द्यावे म्हणते.

माझे उत्तर असे. दिवस भरत आलेले, कडेवर दीड-पावणेदोन वर्षांचे मूल, आणि सोबतीला कोणी नाही. अशा बाईने तीस तासांचा प्रवास करून 'माहेरी यावे' ही अपेक्षा आपल्या रीतीत कधीच नव्हती. ती आपण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निर्माण केली, आणि तिला रीतीचे नाव देऊन मोकळे झालो.

रीतीचाच आधार घ्यायचा तर पुरता घेऊ या. नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची. सणाला, बाळंतपणाला लेक आणायची तर माहेरचा मुराळी तिला न्यायला यायचा. भाऊ असेल तर भाऊ, नाहीतर चुलत-मावस भाऊ, तोही नसेल तर घरचा जुना गडी. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी या मुराळ्याची वाट किती पाहिली आहे, हे माझ्या पिढीला सांगायला नको. जाताना पाठराखीण, येताना मुराळी. मधल्या वाटेवर लेक एकटी कधीच नाही. आणि वाट तरी केवढी? खानापूरची लेक बेळगावात, निपाणीची संकेश्वरात. बैलगाडीचा एखादा दिवस, फार तर एक मुक्काम.

आज ती वाट अर्ध्या पृथ्वीची झाली, आणि नेमका याच वेळी मुराळी गायब झाला! फोनवर आई म्हणते, "सातवा लागायच्या आत ये बाई." भाऊ म्हणतो, "तिकीट पाठव, मुंबईला गाडी घेऊन येतो." वा रे मुराळी! चौदा-पंधरा तासांचे एक विमान, मधल्या विमानतळावर चार तास, पुन्हा चार तासांचे दुसरे विमान, हे सगळे तिने एकटीने करायचे. आणि हा मुंबईत दाराशी हार घेऊन उभा राहणार. मग पुढे पुण्यावरून बेळगावपर्यंत रात्रभराचा रस्ता आहेच.

यात विसंगती किती पाहा. गरोदर बाईने आठव्यात वेस ओलांडू नये, नदी ओलांडू नये, हे आपल्याकडे अजून बोलले जाते. मलप्रभेचा पूल ओलांडू न देणारी माणसे तिला अटलांटिक ओलांडायला सांगतात, ते कोणत्या पोथीच्या आधारे?

यावर एक सुशिक्षित उत्तर ठरलेले असते: "डॉक्टर परवानगी देतात की!" देतात, हे खरे आहे. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात विमानप्रवास सहसा सुरक्षित असतो, हे मला मान्य आहे. एकच गर्भ असेल तर बहुतेक विमान कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत नेतात, जुळी असतील तर ३२ पर्यंत. २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ राखलेली असते आणि निरोगी गर्भवतीला ती सोसते. विमानाची भीती घालणे हा माझा हेतूच नाही.

पण त्या चिठ्ठीत काय विचारलेले असते ते वाचा. किती आठवडे, प्रसूतीची तारीख कोणती, गर्भ एक की दोन, प्रकृती कशी. "बरोबर कोण आहे?" हा रकाना तिथे नसतो. "मांडीवर बारा किलोचे मूल आहे काय?" हेही कोणी विचारत नाही. परवानगी त्या बाईच्या शरीराला मिळते, तिच्या त्या प्रवासाला नव्हे.

आता याच बाईला डॉक्टर काय बजावतात ते ऐका. पाणी भरपूर प्या. थोड्या थोड्या वेळाने उठून चाला. पायांची हालचाल चालू ठेवा, घट्ट मोजे घाला. कडेची जागा घ्या. पट्टा पोटावर नको, पोटाखाली मांड्यांच्या वर बांधा. सल्ला सोन्यासारखा आहे आणि त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासाप्रमाणे चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच, म्हणजे घाबरण्यासारखा नाही. पण गरोदरपणात रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते, म्हणून तिने चालायचे, हालायचे.

आणि ती चालणार कधी? पाच तास रडून, खिडकीवर लाथा मारून, पुढच्याच्या केसांना हात घालून पोर एकदाचे छातीवर झोपले, की जगातली कोणती आई उठेल? पाणी तरी ती पिणार कशी? प्यायले की संडासात जावे लागते, आणि विमानातल्या त्या कपाटाएवढ्या संडासात आठ महिन्यांचे पोट, एक रांगडे पोर आणि ती स्वतः मावत नाहीत. म्हणून ती पाणीच पीत नाही. सल्ला कागदावर राहतो, पाय सुजत जातात.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला परदेशी विमानात स्वतंत्र जागा घ्यावी लागत नाही. भाडे मोठ्या माणसाच्या साधारण दहा टक्के, आणि मूल मांडीवर. मग घरात हिशेब सुरू होतो: "दोन वर्षं पुरी व्हायच्या आत येऊन जा, तिकीट वाचेल." पण मांडी कोणाची? आठव्या महिन्यात बाईला मांडी उरते का? भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो म्हणावे, तर त्याची वजनाची मर्यादा दहा-अकरा किलोंच्या आसपास. तो तान्ह्यांसाठी असतो, चालत्या-पळत्या पोरासाठी नव्हे.

मांडीवरच्या मुलाचा प्रश्न नुसत्या गैरसोयीचाही नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे नादुरुस्त विमान कसेबसे उतरवावे लागले. विमानात मांडीवरची चार मुले होती. त्यांना खाली पायांशी ठेवायला सांगण्यात आले, कारण त्यांच्यासाठी दुसरी सोयच नव्हती. त्यांतले एक दगावले. त्या विमानातल्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षे एकच मागणी लावून धरली, की प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा हवा. अमेरिकेत तो नियम आजही झालेला नाही. स्वतंत्र जागा घेतली तर भाडे वाढेल, मग लोक मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मरतील, असे त्यावर सांगितले गेले. अमेरिकेतल्या अमेरिकेत जाणाऱ्यांना तो युक्तिवाद लागू असेल. डॅलसहून बेळगावला मोटारीने कोण येणार आहे?

हे सगळे मी ऐकीव सांगत नाही. एप्रिल २०१९ मध्ये परत येताना माझ्या मागच्या रांगेत सांगलीकडची एक मुलगी होती. एकतिसावा आठवडा, आणि मांडीवर वीस महिन्यांचा मुलगा. पहिले सहा तास ती जागची हलली नाही. मग मी आणि शेजारच्या एका केरळी बाईंनी पोराला आळीपाळीने घेतले, तेव्हा ती उठली आणि सीटची पाठ धरून नुसतीच उभी राहिली. पायांत चपला जाईनात. मधल्या आखाती विमानतळावर तिची ढकलगाडी दारापाशी आलीच नाही. सामानाबरोबर थेट मुंबईला गेली म्हणे. त्याच दाराशी चाकाच्या खुर्च्यांची लांब रांग लागली होती, आणि त्यांत माझ्याच वयाची मंडळी बसली होती. त्यांतल्या निम्म्यांचे पाय ठीक होते. परक्या ठिकाणी भाषा येत नाही, वाट चुकते, म्हणून मुलांनी खुर्ची लिहून दिलेली. मी त्यांना दोष देत नाही. पण धडधाकट म्हातारे खुर्चीत आणि ती पोटुशी पोर मुलगा कडेवर घेऊन मैलभर चालत, हे दृश्य पाहून मला आपल्या सगळ्या समाजाचीच शरम वाटली. तिची आई मुंबईत यायची होती. तिला भेटले असते तर मी एवढेच विचारले असते, "मुराळी कुठे आहे हो तुमचा?"

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप पैशाचा. मुराळ्याचे जाण्यायेण्याचे तिकीट कोण काढणार? ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांच्याविषयी माझा एक शब्दही नाही. पण आजकाल डोहाळजेवणाला कार्यालय, फुलांचा झोपाळा, फुलांचे दागिने, फोटोवाला, दोनशे पाने. त्या खर्चातून तिकिटाचा केवढा वाटा निघाला असता! लेकीला झोपाळ्यावर तासभर बसवण्यापेक्षा विमानात तासभर पाय मोकळे करू देणे हे मोठे डोहाळे पुरवणे नव्हे काय?

दुसरा आक्षेप वयाचा. "आमचे गुडघे." मान्य. पण हेच गुडघे चारधामला आणि युरोपच्या सहलीला चालतात. साठीचा निवृत्त बाप लेकीला आणायला का जाऊ नये? मुराळी तरुणच असला पाहिजे असे कुठे लिहिले आहे?

तिसरा आक्षेप जुना आहे: लेकीच्या घरी पाणी पिऊ नये, तिला मूल होईपर्यंत तर जेवूही नये. बायांनो, इथे तर पहिले मूल पावणेदोन वर्षांचे झाले! आणि मुळात माहेरी करायचे ते पहिले बाळंतपण. पुढची सोय पाहून करावीत, असेच आपल्याकडे होते. माहेरी न्यायचे कशासाठी? तर सासरच्या कामातून सुटका, चार दिवस पाय पसरून विसावा, आईच्या हाताचे पथ्याचे जेवण. विसावा हे त्या रीतीचे मर्म आहे. तीस तास छळून मग विसावा द्यायचा, हा कुठला न्याय?

चौथा आक्षेप जावयाच्या रजेचा. याला वजन आहे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची, तीही बिनपगारी, आणि पन्नासांहून कमी माणसांच्या ठिकाणी तेवढीही नाही. म्हणून पोरी माहेराकडे धावतात, हे मला कळते. पण ती १२ आठवड्यांची रजा कायद्याने बापालाही आहे. बायकोला आणि मुलाला बेळगावला पोचवून आठवड्याने परत फिरण्याइतकी सुटी त्याने कशीही करून काढावी. "ऑफिसमध्ये चालत नाही" असे सांगणाऱ्या जावयाला सासऱ्याने एकदा स्पष्ट विचारावे, की मग माझ्या मुलीला काय चालते?

आणि परतीचे काय? इथे जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट, मग व्हिसा, आणि ते मिळाले की दोन मुले घेऊन तीच बाई पुन्हा एकटी. एका मोठ्या माणसाला मांडीवर एकच मूल घेता येते, असा विमानाचा नियम आहे. दोन मुले आणि दोन हात. पिशवी दातात धरायची काय?

लेकीलाच यायची ओढ असेल तर तिने जरूर यावे. विहिरीचे पाणी, अंगण, आजी, जुनी खोली हे डॅलसला नेता येत नाही. तिला कोणी अडवू नये. आणि अशी आलेली दिसली तर "या अवस्थेत कशाला आलीस" असे टोचून विचारण्याचाही अधिकार कोणाला नाही. माझे म्हणणे इतकेच, की निर्णय तिचा आणि ओझे मात्र आपल्या सगळ्यांचे.

तेव्हा घरात दुसऱ्या खेपेची गोड बातमी आली की तिसऱ्या महिन्यातच बसून ठरवा. आईने जायचे असेल तर पासपोर्ट, व्हिसा, विमा यांना लागा. मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्महिने जाऊ शकतात, सातव्यात जागे होऊन उपयोग नाही. डिंक, अळीव, बाळंतकाढा घेऊन माहेरच तिच्या दारात जाऊ द्या. ते जमत नसेल तर न्यायला माणूस पाठवा, तिच्या घरापासून आपल्या घरापर्यंत. तेही नसेल तर निदान मुलासाठी वेगळी जागा घ्या. मूल दोन वर्षांचे झाले नसले तरी घ्या.

आणि भावांनो, या भाऊबीजेला ओवाळणीत साडी, पाकीट काय घालायचे ते घाला. पण बहीण परदेशात असेल आणि तिला दिवस असतील, तर तबकात एक शब्द टाका: "ताई, न्यायला मी येतो." एवढा शब्द पाळलात तरी रीत पाळली, असे मी समजेन.