भाऊंना फोन नंतर, आधी वकील!



रात्रीचे साडेअकरा. पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर एक आई बसली आहे. पिशवीत डबा, आणि प्लास्टिकच्या फाइलीत पोराचं आधार, रेशनकार्ड, दहावीचा दाखला, भाडेकराराची झेरॉक्स. कुठला कागद मागतील माहीत नाही, म्हणून घरात होते तेवढे सगळे आणलेत. पोराला संध्याकाळी चौकातल्या मारामारीवरून उचललंय. दर दहा मिनिटांनी ती वस्तीतल्या पुढाऱ्याला, 'भाऊं'ना, फोन लावते. शेवटी भाऊंचा माणूस उचलतो, "ताई, सकाळी बघू."

सकाळी पोरगा न्यायाधीशांपुढे उभा राहतो. वकील आहे का? नाही. पोलीस कोठडी. सगळं आटोपायला चहाच्या एका कपाइतकाही वेळ लागत नाही. आई तेव्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर असते, कारण भाऊंच्या माणसाने तिला तिथेच थांबायला सांगितलेलं असतं.

ही बाई कोण, ते ठाणं कुठलं, सांगणार नाही. चिखलीत कुदळवाडी, मोरेवस्ती, जाधववाडी, घरकुल, कुठेही विचारा. अशी एक तरी आई सापडेल.

आमचं म्हणणं एवढंच आहे. पोलिसांनी माणूस नेला की आपण पहिला फोन चुकीच्या माणसाला लावतो.

भाऊंचा फोन कुठल्याही डायरीत नोंदला जात नाही. वकिलाचा अर्ज नोंदला जातो आणि त्यावर न्यायाधीशांना 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहावंच लागतं. नामंजूर झाला तर वरच्या कोर्टात जाता येतं. भाऊंच्या 'बघू'वर अपील नाही. शिवाय त्या फोनची परतफेड करावी लागते. पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत तुमच्या पोराचा फोटो लागतो, आणि पुढच्या राड्यात पहिलं नाव त्याचंच येतं.

म्हणून वस्तीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं इथे देत आहोत.

अटक झाली. लगेच काय मागायचं?

तीन गोष्टी. अटकेची कारणं लेखी द्या, घरच्यांना कळवा, वकिलाला भेटू द्या. कारणं कळण्याचा आणि वकिलाचा हक्क राज्यघटनेच्या २२व्या कलमाने दिला आहे; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो आहेच, शिवाय घरच्यांना कळवण्याचं बंधनही आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी हवीत आणि आरोपीला समजेल त्या भाषेत हवीत. लढा महागड्या गाडीच्या प्रकरणातून उभा राहिला, पण निकाल कंपनीच्या बसने जाणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावंच लागतं. मध्ये रविवार आला म्हणून घड्याळ थांबत नाही.

चौकशीला बोलावलंय. जायचं का?

जायचं, पण वकिलाला विचारून. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्णेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देतात. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. नोटीस मिळाल्यावर दडी मारू नका, ती चूक अंगाशी येते. बाईला साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर तिच्या घरी येऊन विचारावं लागतं. अपवादाची परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' सांगणारा चोर असतो. अशी अटक कायद्यात नाही.

सही कर म्हणतात. करू का?

कोऱ्या कागदावर कधीच नाही. अटकेचा पंचनामा वाचून, तारीख आणि वेळ बघून सही करा. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते, असं कायदाच म्हणतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या कबुलीतून काढून दिलेला कोयता पुरावा ठरतो. संघटित गुन्हेगारीचा 'मोक्का' कायदा लागला तर कबुलीचं गणितही बदलतं. ही बारीक फट भाऊंना माहीत नसते, वकिलाला असते.

पोरगा निर्दोष आहे. मग वकील कशाला?

निर्दोषालाच वकील जास्त लागतो. त्या वेळी तो सेकंड शिफ्टला होता, गेटवर त्याची हजेरी पंच झाली आहे, चौकातल्या कॅमेऱ्यात तो दिसतच नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून कोण देणार? कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं. कलमांची नावंही बदलली आहेत. आपण अजून 'चारसोबीस' म्हणतो, पण नव्या न्याय संहितेत ते ३१८ झालंय आणि तीनशे दोन झालंय १०३. ६० दिवसांत, किंवा गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र यायच्या आत मागावा लागतो. तो दिवस मोजत बसणारा माणूस हवा.

पैसे नाहीत.

नसू देत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या १२व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, आणि नीट वाचा, औद्योगिक कामगार. तळवडे, भोसरी, चाकणला घाम गाळणाऱ्याचं नाव त्या यादीत आहे आणि आपल्याला ते कोणी सांगितलेलं नाही. वरच्यांपैकी कोणालाही उत्पन्नाचा दाखला काढायला तलाठ्याकडे पळावं लागत नाही. फोन १५१००. पुण्याला शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. न्यायाधीशांनी "वकील आहे का?" विचारलं की गप्प राहायचं नाही. "नाही, सरकारी खर्चाने द्या," असं मोठ्याने म्हणायचं.

"फुकटचा वकील फुकटाचंच काम करतो," असं कोणी म्हणेल. काही जण करतात, हे खोटं नाही. मग वकील बदलून द्या असा लेखी अर्ज करा. भाऊ बदलून मागता येत नाहीत.

जामीन मिळाला, पण जामीनदार कुठून आणू?

लातूर, बीड, परभणीहून आलेल्यांचं घोडं इथेच अडतं. सातबारा गावाकडे, पोरगा येरवड्यात. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं असंच झालं होतं. जामीन राहणारा त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो आदेश चुकीचा ठरवला. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरला जात असेल तर हा निकाल वकिलाला दाखवायला सांगा आणि अट शिथिल करायचा अर्ज द्या.

मार आम्ही खाल्ला, तक्रार आमचीच घेत नाहीत.

दखलपात्र गुन्हा असेल तर फिर्याद नोंदवून तिची प्रत मोफत द्यावी लागते. 'एनसी'वर (अदखलपात्र नोंदीवर) बोळवण केली तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा, तरीही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. यालाही मोफत वकील मिळतो.

आता मुद्द्याचं.

"गुन्हेगाराला कसले हक्क?" असं आपल्यातलेच काही जण पारावर बसून विचारतात. त्यांना दोन निकाल सांगतो, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातले. मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांना मारहाण होते म्हणून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ साली न्यायालयाने आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. दुसरा २९ ऑगस्ट २०१२ चा, कसाबचा. त्याच निकालात न्यायालयाने लिहिलं की पहिल्यांदा समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला, तुला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार देईल, हे सांगणं न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. सीएसटीवर गोळ्या झाडणाऱ्याला या देशाने वकील दिला आणि मगच फाशी दिली. मग साने चौकातल्या हेल्परने वकील मागितला तर कोणाच्या पोटात का दुखावं?

आणि 'गुन्हेगार' कोणाला म्हणायचं, हेही आपण जवळून पाहिलंय. ३० जुलै २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला बस जळल्या, आणि गुन्हे दाखल झाले ते हजारो 'अनोळखी' लोकांवर. अनोळखीच्या रकाम्या जागेत उद्या कोणाचंही नाव बसू शकतं. गुन्हे मागे घेऊ अशी घोषणा झाली तरी सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाने परवानगी दिल्याशिवाय खटला मिटत नाही. तोवर पोरगा ठेकेदाराकडे गेला की पोलीस पडताळणीचा दाखला मागतात, आणि गेटपास तिथेच अडतो. निकाल लागायच्या आधी भाकरी जाते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दारावर, मराठी आणि हिंदीत, १५१०० हा क्रमांक आणि त्या दिवशीच्या मोफत (रिमांड) वकिलाचं नाव ठळक लावा.

२. आठवड्यातून एक संध्याकाळ चिखलीत मोफत कायदा सल्ला केंद्र चालवा. सकाळी अकराला नको. तेव्हा आम्ही मशीनवर असतो.

३. अटकेची कारणं लेखी, माणसाच्या भाषेत द्या. उदगीरच्या पोराला मराठीत, गोरखपूरच्या पोराला हिंदीत.

आणि एक मागणी आपल्या मंडळांकडे. यंदा भाऊंच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स कमी करा, त्या जागी हे पत्रक लावा.

त्या आईच्या फाइलीत आधार होतं, रेशनकार्ड होतं, दाखला होता. फक्त हा कागद नव्हता. घडी घाला आणि तुमच्या फाइलीत ठेवा. वाचून झालं की एक झेरॉक्स शेजारच्या खोलीत द्या.

आपलेच,
चिखली परिसरातील काही कामगार, दुकानदार आणि वकील