सोयाबीनच्या शिवारात ज्वारीची भाकर

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारले की तालुक्याचे नाव नंतर येते. आधी तो सांगतो, "आम्ही घाटावरचे" किंवा "आम्ही घाटाखालचे". अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णा नदीच्या सपाट काळ्या मैदानात. मोताळा दोघांच्या उंबरठ्यावर. वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांत या दोन भागांनाच बालाघाट आणि पयनघाट म्हटले आहे.

घाट उतरला की ताटही बदलते. मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशाचा शेजार, म्हणून वांग्याचे भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकर. देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे जालन्याचा शेजार. तो मुलूख कित्येक पिढ्या निजामाच्या अमलाखाली होता, आणि आपला वऱ्हाडही 1853 मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत निजामाच्याच कारभारात होता. म्हणून आपल्या लग्नांत दालचा आणि बगारा खाना अजून हक्काने मांडला जातो. शेगावला रेल्वे थांबली की कचोरीचा वास येतो. शेतातल्या पंगतीला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, मग पंगत कोणाचीही असो.

पण या सगळ्याच्या खाली एक धान्य होते, जे घाटावर आणि घाटाखाली, हिंदूच्या आणि मुसलमानाच्या, पाटलाच्या आणि मजुराच्या घरात सारखेच होते. ते म्हणजे ज्वारी, आपल्या बोलीत जवारी. या महिन्यात तिच्याविषयी बोलू.

अठरा धान्यांची यादी

जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती गोलाकार अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे किती हलले ते पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. उद्या काय होणार हे अल्लाहलाच ठाऊक, तेव्हा भाकिताशी आपल्याला कर्तव्य नाही. पण ती यादी मात्र लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, वाटाणा, तीळ, जवस, करडई, भादली, अंबाडी, सरकी. ही आपल्या दादी-नानीच्या कोठीघराचीच यादी आहे.

गेल्या हिवाळ्यात सहावीच्या वर्गात आम्ही वाट्यांमध्ये काही धान्ये मांडून ठेवली आणि मुलांना त्यांची मराठी आणि उर्दू नावे लिहायला सांगितली. हरभरा-चना, तूर-अरहर सगळ्यांना आले. उडदाला उर्दूत माश म्हणतात हे दोघा-तिघांना माहीत होते. जवस म्हणजेच अलसी हे एकीला आले, कारण तिच्या नानीचे गुडघे दुखतात. करडईची वाटी कोरीच राहिली. ज्वारी ओळखली सगळ्यांनी, पण "काल रात्री घरी काय खाल्ले?" या प्रश्नावर बहुतेकांचे उत्तर पोळी आणि भात. भाकर लिहिणाऱ्या एका मुलाने उत्तरावर हात ठेवून वही बंद केली. शेजारचा हसेल याची त्याला भीती होती.

आम्हाला धान्याची नावे न येण्यापेक्षा हा झाकलेला हात जास्त खटकला. ज्या भाकरीवर हा जिल्हा उभा राहिला, ती मुलाला लपवावीशी वाटते. शेतकऱ्यांची मुले ती, आणि घरची जमीन काळी!

ज्वारी गेली कुठे?

शेतकऱ्याने ज्वारी सोडली ती हौसेने नाही. आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत, घाटाखाली सहा एकर कोरडवाहू शेती. त्यांना विचारले तर म्हणाले, "सर, जवारी पेरी तो आधी पाखरां खाते, आधी रोही खाते, और बची तो बेपारी खाता." यात थट्टा आहे आणि हिशोबही आहे. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांचे खाणे सगळ्यांत वाटले जायचे. आता गावात एकाच शेतात ज्वारी असली तर सगळी पाखरे तिथेच उतरतात. रोही आणि रानडुकरे रात्रीतून उभे पीक आडवे करतात. त्यात दिवाळीच्या सुमारास पाऊस आला की कणीस काळे पडते, आणि काळ्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही.

उलट सोयाबीन साधारण शंभर दिवसांत घरात येते, यंत्राने काढता येते, आणि त्याच शेतात लगेच हरभरा पेरता येतो. 2025-26 साठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आणि संकरित ज्वारीचा 3,699 रुपये ठरवला. शेतकरी कुठे वळणार हे सांगायला नको. मात्र हमीभाव कागदावर असतो. अलीकडच्या हंगामांत सोयाबीन त्याहून बऱ्याच कमी भावात विकावे लागले, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आता सोयाबीन जाते कुठे ते पाहा. तेल गिरणीत निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे आपण पिकवलेले सोयाबीन तेलाच्या पाकिटातून आणि ब्रॉयलर कोंबडीतून विकत घ्यावे लागते. देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार होते. संग्रामपूर-जळगाव जामोदचा संत्रा दूरच्या बाजारात जातो. हे सगळे चांगलेच आहे, त्यातून घरात पैसा येतो. पण शेतातून थेट तव्यावर येईल असे पीक शिवारात उरले किती?

आणखी एक बाजू आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनवर गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये आणि ज्वारी-बाजरीसारखे भरडधान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद होती. प्रत्यक्षात आपल्या पिशवीत बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच आले, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले. गरिबाच्या पोटाला त्याचा मोठा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी तांदूळ, शाळेतल्या पोषण आहारातही तांदूळ, आणि मधल्या सुट्टीत मैद्याचे पुडे, एवढ्यावर वाढते मूल किती निभावणार?

100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिने असतात आणि तंतुमय भागही जवळपास तेवढाच. मैद्यात तंतू त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नसतो. भाकर पोटात जास्त वेळ टिकते ती यामुळेच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे, पण पांढऱ्या भातापेक्षा भाकर बरी असे अनेकांना डॉक्टरच सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, तेही भारताच्या प्रस्तावावरून. त्यानंतर शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आणि पोहे आले, दामदुप्पट किमतीत. शहरवाला ते हौसेने घेतो, आणि आपली मुले भाकर लपवतात.

ज्वारी गेली तसा कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. कडब्याच्या पेंढ्या महागल्या की गाय-म्हैस ठेवणे परवडत नाही, दूध विकतचे होते, आणि बकरी ईदसाठी घरी बकरा वाढवण्याची रीतही मोडते. एका पिकाच्या मागे एवढे सगळे बांधलेले होते.

दहा घरे, एक शेतकरी

शेतकऱ्याला "ज्वारी पेर" असा उपदेश करून काही होत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते, आणि ते गिऱ्हाईक आपणच आहोत. थोडा हिशोब करू. पाच माणसांच्या घरात आठवड्यातून चार दिवस, एका वेळेला माणशी दोन भाकरी धरल्या तर रोजचे सुमारे 700 ग्रॅम पीठ लागते. वर्षाची ज्वारी होते दीड क्विंटलच्या आत. हमीभावाने धरली तर साडेपाच हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाचशेच्याही खाली. अशी दहा घरे एकत्र आली तर पंधरा क्विंटल. कोरडवाहू शेतातला हा दोन-तीन एकरांचा माल आहे.

मोहल्ल्यातल्या दहा घरांनी ओळखीच्या एका शेतकऱ्याला पेरणीआधीच सांगावे, "तुमची ज्वारी आम्ही घेतो, भाव आत्ताच ठरवू." त्याला अडत नको, वाहतूक नको. आपल्याला स्वच्छ, ओळखीचे धान्य मिळेल. दोन-तीन शेजारी शेतकऱ्यांनी मिळून पेरले तर पाखरांचे नुकसानही वाटले जाईल. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती सोंगणीला येते. पाण्याची सोय असलेले काहीजण आता उन्हाळी ज्वारीही घेऊ लागले आहेत. सध्या रमजानही फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. सहरीला नव्या ज्वारीची भाकर आणि दही खाऊन पाहा. दुपारी पोटाला आधार राहील.

धान्य आणल्यावर दोन उन्हे द्यावीत, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकावा. पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो, भाकर थापताना मोडते, आणि मग सुनेच्या हाताला उगीच नावे ठेवली जातात. पीठ गरम पाण्यात मळले की अर्धे काम झाले.

या महिन्याचे दस्तरखान

कळण्याची भाकर: एक किलो ज्वारीत पाव किलो अख्खे काळे उडीद आणि थोडे मीठ घालून दळून आणावे. भाकर नेहमीसारखीच थापावी. ती मऊ राहते, म्हणून डब्याला चांगली. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा भरीत.

अंबाडी-गोश्त: अंबाडीची कोवळी पाने उकडून, आंबट पाणी निथळून घ्यावे. कांदा, आले-लसूण, हळद, तिखट यांवर मटण चांगले शिजवून घ्यावे. मग त्यात अंबाडी आणि मूठभर भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या घालून मंद आचेवर मुरू द्यावे. कण्या मऊ शिजल्या की वरून ठेचलेल्या लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. मटण परवडत नसेल त्या दिवशी तुरीची डाळ घालावी. शेजारची हिंदू ताई तशीच करते, आणि चव तितकीच लागते.

अंबाडी घेताना आठवडी बाजारात बागवान भाईंना सांगून ठेवा. मागणी नसल्यामुळे तीही बाजारातून कमी होत चालली आहे. चार गिऱ्हाइकांनी विचारले तर पुढच्या बाजाराला ते जुडी घेऊन येतात.

आणि मुलाच्या डब्यात भाकर द्याल तेव्हा चुरून, लपवून देऊ नका. दोन भाकरी जास्त द्या, शेजारच्या मुलालाही पुरतील अशा. वाटून खाल्लेल्या नेमतीला मूल लाजत नाही. आमच्या वर्गात आता महिन्यातून एक शनिवार भाकरीचा ठेवला आहे. सगळे डबे मध्ये मांडतात, ठेच्यासाठी भांडणे होतात. तुमच्या गावच्या शाळेतल्या शिक्षकांनाही हे सुचवून पाहा. त्याला ना आदेश लागतो, ना निधी.