घरातलं एक ताट वाढवूया

माढेकरांनो, आपल्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं पडद्यावरून परदेशातल्या मुलांशी बोलली. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पडद्यावरची ती ओळख आता उंबऱ्याच्या आत यावी, असं मला मनापासून वाटतं. रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून १५ ते १९ वर्षांची मुलंमुली शाळेचं एक वर्ष परक्या देशात काढतात आणि राहतात कुणाच्या तरी घरात. भाडं मिळत नाही. तरी मी म्हणेन, दार उघडा.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबानं त्यांना घरात घेतलं. त्या घरच्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. साडी आणि शाकाहार त्यांना सोडावा लागला नाही. पुढे त्यांची रक्षासुद्धा कार्पेंटरांच्याच कौटुंबिक दफनभूमीत विसावली. आपल्या लेकीला परक्यांनी असं जपलंय, हे आपण विसरता कामा नये.

आता कामाचं बोलू. कुर्डुवाडी स्टेशनवर आणायला घरचीच माणसं जाऊ द्या, हलगी आणि हार नकोत. लांबच्या प्रवासानं ते लेकरू अर्धमेलं झालेलं असतं. पाणी उकळलेलं द्या. पहिले पंधरा दिवस आमटीचा कट बाजूला सारून वाढा, शेंगाचटणी दह्यात कालवून द्या. आणि आग्रह आवरा. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे रीत म्हणून असतं, त्या मुलाचं ‘नको’ म्हणजे नकोच. तसंच, दार लावून बसलं म्हणजे रुसलं असं समजू नका.

आठवडाभर कौतुक झालं की त्याला काम द्या. नळाला पाणी आलं की टाकी भरणं, आपलं ताट आपण घासणं. भाकरी थापायला बसवा. पहिली परातीतच फाटेल, फाटू द्या; तीच भाजून सगळ्यांनी मिळून खा. घरच्या लेकीला जे नियम, तेच परदेशी मुलीला, आणि ते पहिल्या दिवशीच सांगा. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात तिला स्टेजवर नेऊन बसवू नका, तिच्या संमतीशिवाय फोटो पसरवू नका.

दिवाळीच्या सुमाराला घरची आठवण दाटून येते. तेव्हा उपदेश नको, शेजारी बसा. रोटरी क्लबनं नेमलेल्या सल्लागाराशी त्याला एकट्यानं बोलू द्या. तो सल्लागार यजमान घरचा नसतो, आणि ते बरंच आहे.

परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवणं आपल्यावर कायद्यानं बंधनकारक असतं. ते क्लबच्या माणसाला शेजारी बसवून त्याच दिवशी उरका.

ज्यांची तयारी असेल त्यांनी जवळच्या रोटरी क्लबला विचारावं. ते घर बघायला येतात, सगळ्यांशी बोलतात, मुलासाठी स्वतंत्र पलंग आहे का ते पाहतात. त्याआधी मात्र घरात जी रोज स्वयंपाक करते तिला विचारा. तिचा होकार नसेल, तर यंदा राहू द्या.